अर्डिसचे पॉइंट कुणी नेले?

१

सकाळी फोन वाजला तेव्हा मार्लिस टॉलेफसन गराजमध्ये किराण्याचं सामान जंतुनाशकाने पुसत बसली होती. पलीकडे अर्डिस क्वाम होती, पण आवाज तिचा वाटत नव्हता.

"मार्लिस, माझे पॉइंट गेले."

"गेले म्हणजे? कुठे?"

"ते ठाऊक असतं तर तुला कशाला विचारलं असतं? मंगळवारी फोनवर उघडून बघते तर नाहीत. सगळ्या सहलीचे पॉइंट, मार्लिस! आणि कर्बीला कळलंय."

"त्याला कुणी सांगितलं?"

"मीच. घाबरले गं मी. म्हटलं, चर्चचा खजिनदार आहे, काहीतरी वाट दाखवेल. तर म्हणतो, रविवारच्या बैठकीत हाच विषय घेतो. तिथे समाधान झालं नाही, तर शेरीफकडे पोलीस तक्रार करतो."

मार्लिसने हातातली दुधाची बाटली खाली ठेवली. रविवार परवावर आला होता.

प्रकरण अमेरिकेतल्या फार्गो गावच्या सगळ्या गायकवृंदाला ठाऊक होतं. मे महिन्यात चर्चचा वृंद नॉर्वेला, बर्गनला गायला जायचा होता. अर्डिसच्या क्रेडिट कार्डावर प्रवासखर्चाला तिप्पट बक्षीस-पॉइंट मिळत, त्यांवर पुढे फुकट तिकीट काढता येई, म्हणून सगळ्यांची तिकिटं तिच्या कार्डावर काढली. लोकांनी तिला चेक दिले आणि तिने थंडीतच कार्डाचं बिल चुकतं केलं. मग साथ आली, विमानं उडायची थांबली, चर्चला कुलूप लागलं. तिकिटांचे पैसे मिळणार नाहीत, फक्त पुढच्या प्रवासाची कुपनं मिळतील, असं एजंटबाई जोलीनने सगळ्यांना कळवलं. आणि ती कुपनंही अजून आली नव्हती. कुणाची नोकरी गेलेली, कुणाचं दुकान बंद. लोक पैशांसाठी अर्डिसला फोन करत होते, आधी गोड बोलून, मग तुसडेपणाने. त्यात आता हे.

"बँकेला फोन केलास?"

"तीन दिवस करतेय. ते संगीत वाजतं, वाजतं आणि फोन कटतो. खात्याचा पासवर्ड लोवेलने ठेवला होता. त्याला आता माझं नाव आठवलं तरी पुष्कळ." लोवेल म्हणजे अर्डिसचा नवरा. जानेवारीत त्याला झटका आला, तेव्हापासून तो शुश्रूषागृहात होता, आणि तिथलं दार आता बाहेरच्यांना बंद होतं. "मार्लिस, तू उभा जन्म बँकेत लोकांच्या कार्डांच्या तक्रारी निस्तरल्यास. माझी एवढी एक निस्तर."

"मी येते," मार्लिस म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या मनात एक विचार आला, आणि तो आल्याचीच तिला लाज वाटली. अर्डिस खरं बोलतेय ना?

२

अर्डिसच्या घरापुढे दोघी दोन टोकांना खुर्च्या टाकून बसल्या. एप्रिल संपत आला तरी सावलीत काळपट बर्फ शिल्लक होता. कडेला अर्डिसची गाडी उभी होती, तिच्या काचेवर गेल्या पानगळीची पानं तशीच चिकटलेली. अर्डिसने फोन पुसून पायरीवर ठेवला आणि मागे सरली. मार्लिसने हातमोजे घालून तो उचलला.

फोनवर पैशांचा हिशेब दिसत नव्हता, नुसते पॉइंट दिसत होते. नातीने तेवढंच लावून दिलं होतं. मार्लिसने चष्मा वर ढकलला आणि यादी खालून वर पुन्हा वाचली.

"काय गं? बोल ना. माझा जीव टांगणीला लागलाय."

"तुझे किराण्याचे पॉइंट आहेत इथे. औषधांचेही आहेत. नातीच्या वाढदिवसाला बाहेर जेवलात, त्याचेही आहेत."

"मग?"

"मग गेले ते फक्त तिकिटांचे. ते मात्र झाडून सगळे, या महिन्याच्या सुरुवातीलाच. अर्डिस, असा कसला चोर? घरात शिरतो, कपाट उघडतो, एकाच दुकानातून आणलेली भांडी उचलतो आणि बाकीच्यांना हात लावत नाही?"

"म्हणजे काय?"

"अजून मला कळलेलं नाही. आणि हे बघ, ते गेल्यावर थोडेथोडे नवे जमा झालेत. दोन दिवसांआड पेट्रोलचे. मध्येच एकदा टायरच्या दुकानाचे. बाकी असेच काही साधे."

अर्डिसचं लक्ष नव्हतं. दारापाशी ठेवलेल्या झाकणाच्या भांड्याकडे ती बघत होती. "व्हर्लिन ठेवून जातो. बटाट्याचं सूप. रोज काहीतरी आणतो बिचारा. एवढ्या वृंदात मला चोर न म्हणणारा तो एकटाच उरलाय."

व्हर्लिन सेदर हा वृंदाचा संचालक. त्याच्यामुळेच तर बर्गनचं ठरलं होतं.

"त्याचं तिकीट?" मार्लिसने विचारलं.

"ते काढलंच नव्हतं. त्याची ऐपत कुठे? या पॉइंटांवरच काढणार होते मी. त्याला सांगितलं नव्हतं. निघायच्या आधी हातात ठेवायचं ठरवलं होतं." अर्डिसने खुर्ची जरा मागे सरकवली. "आता काय, सगळंच गेलं."

३

जोलीनच्या एजन्सीच्या दारावर 'बंद' अशी पाटी होती, पण आत दिवा जळत होता. मार्लिसने काच वाजवली. आतून एक दमलेला चेहरा डोकावला आणि दार बोटभर उघडलं.

"मार्लिस काकू, कुपनांचं विचारायला आला असाल तर हात जोडते. सकाळपासून सतरा जणांनी शिव्या घातल्यात."

"शिव्या नंतर घालते. आधी सांग, कुपनं अडलीत कुठे?"

"मला विचारता? त्या विमान कंपनीला विचारा! मी रोज मागते. ते रोज म्हणतात, या नंबरांची तिकिटंच दिसत नाहीत. अहो, दिसत नाहीत म्हणजे काय? मीच काढलीत ना ती! वर त्यांनी काय केलं सांगू? माझं कमिशन परत खेचलं. सगळ्या वृंदाचं. एका झटक्यात. नुसते लुटारू आहेत. इथे माझ्या तोंडचं पाणी पळालंय, पुढच्या महिन्याचं भाडं कसं भरायचं ते ठाऊक नाही, आणि लोकांना वाटतं मीच पैसे दाबून बसलेय. त्या कर्बीने तर मला फोनवर भामटी म्हटलं."

"कमिशन कधी खेचलं?"

"महिन्याच्या सुरुवातीला. का?"

मार्लिसचा हात दाराच्या मुठीवर तसाच राहिला. अर्डिसचे पॉइंटही महिन्याच्या सुरुवातीलाच गेले होते.

"जोलीन, तुझं कमिशन कंपनी कधी परत घेते?"

"विक्री रद्द झाली की. गिऱ्हाइकाला पैसे परत गेले की..." जोलीन मध्येच थांबली. डोळे मोठे झाले. "अगं बाई!"

"तेच. कार्डाचे पॉइंटही तसेच जातात. खरेदी झाली की मिळतात, खरेदी परत झाली की काढून घेतले जातात. चोर कुणी नव्हताच. विमान कंपनीनेच उड्डाण रद्द केलं, आणि रोख रक्कम परत केली. म्हणून तुझी तिकिटं दिसत नाहीत. कुपनं कशाची देणार ते?"

"म्हणजे पैसे आलेत? सगळ्यांचे? तीन आठवडे झाले?" जोलीनने तोंडावर हात ठेवला. "मग काकू, ते आहेत कुणाकडे?"

पैसे ज्या कार्डावरून जातात त्याच कार्डावर परत येतात. हे मार्लिसने नोकरीत हजारदा लोकांना सांगितलं होतं. आणि ते कार्ड अर्डिसचं होतं.

४

गाडीत बसून मार्लिसने किल्ली फिरवलीच नाही. अर्डिसने पैसे घेतले असतील? शुश्रूषागृहाचा खर्च डोंगराएवढा. नवरा असा. माणूस घाबरला की काय करेल याचा नेम नाही, हे मार्लिसने टेलिफोनवर रडणाऱ्या कितीतरी लोकांकडून ऐकलं होतं. पण पैसे घेणारी बाई स्वतःहून खजिनदाराला फोन करून पॉइंट गेल्याचं सांगेल का? की तेच पांघरूण होतं?

शेवटी ती कर्बी नेस्हाइमकडे गेली. तो आपल्या गराजच्या दारात उभा राहून बोलला. आत यायला त्याने सांगितलंच नाही.

"तुझी मैत्रीण आहे ती, मार्लिस. तू तिचीच बाजू घेणार."

"माझेही पैसे त्यातच आहेत, कर्बी."

"मग तुला झोप लागते कशी? मला नाही लागत. माझे, बायकोचे आणि नातवाचे. मुलाचं हॉटेल बंद पडलंय. रोज मला दहा जण विचारतात. पैसे कधी, पैसे कधी! न विचारणारा एकटा व्हर्लिन."

"त्याचं तिकीटच नव्हतं. तो कशाला विचारेल?"

"तिकीट नसेल. पण बर्गनच्या सभागृहाची आगाऊ रक्कम त्याने भरली होती ना? तिचंही बिल मला आलेलं नाही. आणि हा माणूस मला झेरॉक्सची बिलं लावणारा! सुरांच्या कागदाच्या दोन प्रती काढल्या तरी चिठ्ठी पाठवतो. यावेळी गप्प. अर्डिसला त्रास नको म्हणून असेल. माणुसकी आहे त्याच्यात."

मार्लिस गाडीकडे निघाली आणि अर्ध्या वाटेत थांबली. काहीतरी खटकलं होतं, पण काय ते तिला बोट ठेवून सांगता येईना.

व्हर्लिनच्या घराशी ती पोचली तेव्हा तो नुकताच गाडीतून उतरत होता. मागच्या सीटवर खाणं गरम ठेवायच्या चौकोनी पिशव्या होत्या. शिकवण्या बंद झाल्यापासून तो हॉटेलांचं जेवण लोकांच्या दारी पोचवायचं काम करतो, हे तिने ऐकलं होतं. तो खूप वाळला होता.

"अर्डिस कशी आहे?" त्याने आधी तेच विचारलं. "सूप खाल्लं का तिने?"

"झाकण अजून उघडलेलं नाही. घास उतरत नाही तिच्या घशाखाली. रविवारी तिला सगळ्यांसमोर उभी करणार आहेत."

व्हर्लिनने खाली बघितलं. "ते चूक आहे. ती चोर नाही. लोकांनी जरा धीर धरावा. कार्डावर पैसे आले की ती एकेकाचे देऊन टाकेल. थोडं मागेपुढे होईल, एवढंच."

"हो," मार्लिस म्हणाली. "थोडं मागेपुढे."

निघताना तिने त्याच्या गाडीचे नवे टायर बघितले. काळेभोर, दात अजून धारदार असलेले. गाडीत बसून तिने अर्डिसच्या खात्यावरचे पेट्रोलचे आणि टायरचे पॉइंट पुन्हा आठवले.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा अर्डिसच्या अंगणात होती.

"तुझी ही गाडी शेवटची कधी चालवलीस?"

"बॅटरी मेलीय तिची, थंडीतच. लोवेलकडे मी चालतच जाते. खिडकीबाहेर उभी राहते, परत येते. का?"

"तुझ्या खात्यावर पेट्रोलचे पॉइंट जमा होतायत, अर्डिस. कुणीतरी तुझ्या खात्यावर गाडी चालवतंय. नीट आठव. दुसरं कार्ड कुणाकडे आहे?"

"कुणाकडे नाही. लोवेलचं तर मी..." अर्डिस बोलता बोलता थांबली. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. "सभागृहाचे पैसे नॉर्वेला कार्डानेच भरायचे होते. त्याच आठवड्यात लोवेल पडला. मी दवाखान्यात. म्हणून फोनवरून सांगून एक जादाचं कार्ड करून घेतलं. माझ्याच खात्यावर, व्हर्लिनच्या नावाचं. मग ते डोक्यातून पार निघून गेलं." ती हळूच म्हणाली, "नाही. मार्लिस, नाही. तो रोज सूप आणतो."

"मलाही नको वाटतंय. पण ऐक. विमान कंपनीने तिकिटांचे पैसे तुझ्या कार्डावर परत केलेत, म्हणूनच ते पॉइंट गेले. जोलीनने सगळ्यांना कुपनं मिळणार असं सांगितलंय. मी, कर्बी, तू, सगळे कुपनांचीच वाट बघतोय. 'कार्डावर पैसे आले की' असं काल एकच माणूस म्हणाला. तुझ्या कार्डावर रोख पैसे येतात हे त्याला कसं कळलं? सभागृहाची रक्कम त्याने भरली, पण झेरॉक्सचं बिल लावणाऱ्याने तिचं बिल लावलं नाही, कारण ती त्याच्या खिशातून गेलीच नव्हती. आणि गाडीला नवे टायर आहेत."

अर्डिस उठून दारापाशी गेली, सुपाचं भांडं उचललं आणि पायरीच्या पार कडेला, लांब ठेवून आली.

६

त्या दुपारी दोघी व्हर्लिनच्या अंगणात उभ्या राहिल्या. अर्डिसने हट्टच धरला होता. मार्लिसला भीती वाटत होती की तिथेच काहीतरी होईल. तो ओरडेल, नाहीतर अर्डिस कोसळेल. दोन्ही झालं नाही. अर्डिसने फक्त हात पुढे केला आणि म्हणाली, "कार्ड दे."

व्हर्लिनने पाकीट काढलं. नाही म्हणायचा प्रयत्नसुद्धा त्याने केला नाही. कार्ड त्याने जिन्याच्या कठड्यावर ठेवलं आणि मागे सरला.

"मी सभागृहाचे पैसे परत आले का ते बघायला गेलो होतो," तो म्हणाला. "माझ्या फोनवर आकडा दिसला. उणे. म्हणजे बँकच खात्याला देणं लागत होती, केवढं तरी. वाटलं, बँकेचा घोळ आहे. वाटलं, एकदा पेट्रोल भरून बघू, चालतंय का. चाललं. मग टायर गेले. टायरशिवाय काम नव्हतं. मग भाडं. साथ असेपर्यंत घरमालकाला घर सोडायची नोटीस लावायला बंदी आहे म्हणतात, पण रोज दारात येतो तो. कुणाचेच नाहीत, बँकेचे आहेत, असं स्वतःला सांगत राहिलो."

"आणि लोक मला चोर म्हणायला लागले तेव्हा?" अर्डिसने विचारलं.

तो कठड्यावरच्या कार्डाकडे बघत राहिला.

"तेव्हा तरी कळलं ना, कुणाचे आहेत ते?"

"कळलं."

"आणि तू मला सूप आणलंस."

व्हर्लिनचा चेहरा वाकडा झाला. "बोलायचंच होतं, अर्डिस. रोज यायचो ते बोलायलाच. दारापर्यंत यायचो. भांडं ठेवून पळायचो."

मार्लिसला राहवलं नाही. "तुझं बर्गनचं तिकीट ती त्या पॉइंटांवर काढणार होती, व्हर्लिन."

"तू गप्प बस," अर्डिस तिच्यावर कडाडली. "ते त्याला सांगायची काही गरज नव्हती." पण सांगून झालं होतं. व्हर्लिन जिन्याच्या पायरीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

बराचसा पैसा अजून खात्यावर होता. भाडं, टायर, पेट्रोल मिळून गेला तो एक हिस्सा. तो कसा भरायचा हे त्याला ठाऊक नव्हतं.

"उद्या बैठक आहे," अर्डिस म्हणाली. "मी तिथे तुझं नाव घेणार नाही. ते काम तुझं."

७

रविवारी संगणकाच्या पडद्यावर चौकोनाचौकोनात सगळे जमले. कुणी स्वयंपाकघरात, कुणी पलंगाच्या कडेवर. कुणाच्याच चेहऱ्यावर हसू नव्हतं. कर्बीने घसा साफ केला आणि विषय वाचून दाखवला. व्हर्लिनचा चौकोन काळा होता, नुसतं नाव दिसत होतं. त्या नावावरून मार्लिसची नजर हलेना.

अर्डिस बोलली. "पैसे परत आलेत. माझ्या कार्डावर आले, मला कळलं नाही. जे शिल्लक आहेत ते बँकेकडून हातात आले की पहिले चेक ज्यांचं काम गेलंय त्यांना. बाकीच्यांना जरा थांबावं लागेल, कारण त्यातले काही खर्च झालेत."

"खर्च झालेत?" कर्बी पुढे वाकला. "म्हणजे तू खर्च केलेस! लोकहो, ऐकलंत ना? आपल्या तोंडाने सांगतेय. आता यावर मतदानच..."

मार्लिसने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात पडद्यावर अर्डिसने नुसती मान हलवली. नको. कुणाच्या तरी घरात कुत्रं भुंकलं.

काळा चौकोन उजळला. व्हर्लिन इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

"तिने नाही," तो म्हणाला. "मी."

त्याने सगळं सांगितलं, काही न लपवता, आणि सांगताना एकदाही कुणाकडे दयेची अपेक्षा केली नाही. गाडी विकायला काढली आहे, म्हणाला. वृंदाचं काम आजपासून सोडतो, म्हणाला.

कर्बीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अर्डिस, मी तुला... फोनवर मी जे..."

"बोललास खरं," अर्डिस म्हणाली.

"हो." तो गडबडला. मग सावरून बसला. "बरं, मग हे शेरीफकडे द्यायचं की नाही? मला वाटतं, आपण मत घ्यावं."

"मत कशाला? कार्ड माझं आहे. तक्रार करायची की नाही ते मी ठरवणार." अर्डिसने कॅमेऱ्यात सरळ बघितलं. "आणि मी अजून ठरवलेलं नाही."

त्या उन्हाळ्यात सगळ्यांचे पैसे मिळाले. जोलीनची एजन्सी मात्र वाचली नाही. ती बहिणीकडे बिस्मार्कला निघून गेली. व्हर्लिनने गाडी विकली, एका गोदामात रात्रपाळी धरली आणि पानगळ सुरू व्हायच्या आत शेवटचा चेक अर्डिसच्या टपालपेटीत टाकला. दार त्याने वाजवलं नाही.

त्या दिवशी मार्लिस तिच्याकडे होती. दोघी आता मास्क लावून एकाच टेबलाशी बसू लागल्या होत्या.

"मग? तक्रार?" मार्लिसने विचारलं.

"नाही करणार. ते मी जूनमध्येच ठरवलं."

"जूनमध्ये! अगं, मग त्याला सांगितलंस का? तो रोज शेरीफची वाट बघत असेल."

"नाही सांगितलं."

"का पण?"

अर्डिसने कॉफी ओतली. आधी मार्लिसच्या कपात, मग आपल्या.

"मीही रोज शेरीफची वाट बघत होते, मार्लिस," ती म्हणाली. "आणि त्याला ठाऊक होतं."

तिने चेक घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग जरा वेळाने, खिडकीबाहेर बघत म्हणाली, "उद्या सांगेन."

मार्लिसने तिच्याकडे बघितलं. ती उद्या खरंच सांगेल की नाही, हे मात्र तिला ओळखता आलं नाही.